वाढत्या अंगाचे

पौषात दिल्लीला सकाळ फार हळू येते. यमुनेच्या अंगानं धुकं वर चढतं, निजामुद्दीनच्या पुलाचे कठडे एकेक करून गिळत जातं, रस्त्यावरच्या दिव्यांभोवती पिवळं होऊन रेंगाळतं, आणि नऊ वाजून गेले तरी वर कुठेतरी सूर्य असल्याचा नुसता सुगावा लागतो. त्या फिकट उजेडात माणसांचे चेहरे पुसलेले असतात. उरतात ते कपडे. एक राखाडी शाल चहाच्या टपरीपाशी वाफेत उभी असते, मरून कानटोपी सायकल रेटत जाते, शाळेचे निळे ब्लेझर बसची वाट पाहत असतात. आणि सिग्नलपाशी, गाड्यांच्या काचांवरून ओला फडका फिरवून झाल्यावर, दोन्ही हात काखेत खुपसून उभा असतो अर्ध्या बाह्यांचा एक पातळ शर्ट. आत चौदा-पंधरा वर्षांचा मुलगा.

नजर त्या शर्टावर येऊन अडते.

इथली थंडी मी आधी वर्तमानपत्रातून वाचली होती. १६ जानेवारी १९३५ ला सफदरजंगच्या वेधशाळेत पारा उणे ०.६ अंशांवर उतरला होता. ३० डिसेंबर २०१९ ला तर भर दुपारीसुद्धा तो ९.४ अंशांच्या वर सरकला नाही. पण अंगावर काटा येतो तो काखेत खुपसलेले ते हात पाहून. मनगटं लांबली आहेत, खांदे रुंदावले आहेत, शर्टाची शिवण बगलेत उसवली आहे. ते अंग वाढतं आहे. कपड्याला ते ठाऊक नाही.

तान्ह्या बाळाला दुपट्यात गुंडाळायला कुणीही धावतं. म्हाताऱ्या खांद्यांवर घोंगडी टाकताना कुणाचा हात अडखळत नाही. पण मिसरूड फुटू लागलेला पोरगा, ओढणी सारखी सारखी सावरणारी पोर, यांच्यापाशी आपली दया गोंधळते. त्यांना हात पसरायची लाज वाटते आणि आपल्याला त्यांच्या डोळ्यांत पाहायची. मग 'चांगला हातीपायी धड तर आहे' असं मनाशी म्हणत आपण काच वर करतो.

साताऱ्याला आमच्या घरी मे सरत आला की शिंप्याकडे जायचा एक दिवस ठरलेला असे. दुकानात खडूचा, नव्या कापडाच्या खळीचा आणि मशीनच्या तेलाचा मिळून एक वास दरवळत असायचा. गळ्यात टेप अडकवलेले काका खांद्यापासून खाली माप घेत आणि आई दारातूनच म्हणे, "वाढत्या अंगाचा शिवा हं." मग परकराच्या खालच्या घडीत चार बोटं कापड दुमडून राहायचं, बाह्यांच्या आत शिवण सोडलेली असायची, आणि पुढच्या जूनमध्ये आई ती दुमड उसवून परकर पुन्हा माझ्या उंचीचा करायची. जुन्या घडीची एक गडद रेघ तेवढी मागे राहायची. त्या रेघेची मला तेव्हा चीड यायची. आता कळतं, कुणीतरी माझ्या वाढण्याची आधीच तजवीज करून ठेवली होती. पुढच्या वर्षीही तू असशील, उंच होशील, याची ती कापडात लिहिलेली खात्री होती.

सिग्नलवरच्या त्या शर्टात कुणी चार बोटं दुमडून ठेवली नव्हती.

दिल्लीत कपड्यांचा हा विचार एका तरुण माणसानं फार आधी केला. अंशु गुप्ता तेव्हा पत्रकारितेचे धडे गिरवत होते. हिवाळ्याच्या दिवसांत त्यांना जुन्या दिल्लीत रस्त्यावरची बेवारस प्रेतं उचलणारा एक माणूस भेटला. एका प्रेतामागे वीस रुपये आणि दोन मीटर पांढरं कापड, ही त्याची कमाई. थंडीच्या दिवसांत काम वाढतं, असं त्यानं सांगितलं. त्याच्या लहानग्या मुलीनं सांगितलं ते ऐकून काळीज हलतं: थंडी वाजली की ती प्रेताला बिलगून झोपते, ते कूस बदलत नाही, त्रास देत नाही. पुढे १९९९ मध्ये गुप्तांनी आणि त्यांच्या पत्नी मीनाक्षी यांनी घरच्या कपाटातले ६७ कपडे बाहेर काढले आणि 'गूंज' ही संस्था सुरू झाली. २०१५ मध्ये गुप्तांना रेमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला. पण माझं मन त्या पुरस्कारापाशी थांबत नाही. ते त्या उघड्या कपाटापाशी थांबतं. सदुसष्ट कपडे! आपल्यापैकी कितीजणांच्या एकाच कपाटात तेवढे निघतील.

त्या वाटेनं आता पुष्कळ पोरं चालली आहेत. परीक्षा संपता संपता दिल्लीची कॉलेजं, नोएडा-गुरुग्रामच्या सोसायट्या यांतून मुलंमुली गट करून कपडे गोळा करतात. इराणमधल्या मशहद शहरात २०१५ च्या हिवाळ्यात एका भिंतीला खुंट्या ठोकून, नको असेल ते टांगा आणि हवं असेल ते न्या म्हणत, सुरू झालेली कल्पना इकडे 'नेकी की दीवार' झाली, आपल्याकडे कोल्हापुरात 'माणुसकीची भिंत' झाली. अशाच एका गटाबरोबर मी एक अख्खी दुपार बसले. विशीच्या आतबाहेरची मुलं. वर्गणीतून भाड्यानं घेतलेली एक खोली, खिडकीतून तिरपं आलेलं ऊन, त्या उन्हात तरंगणारे लोकरीचे तंतू, डांबराच्या गोळ्यांचा आणि परक्या घरांचा वास, आणि मध्ये छातीपर्यंत आलेला कपड्यांचा ढीग.

ढिगासमोर बसलं की शहर आपली नाडी हातात देतं. लग्नात एकदाच घातलेला, आरशांनी जड झालेला लेहंगा. कुणाच्या तरी गेलेल्या वडिलांचा कोट, खिशात अजून मेट्रोचं कार्ड. घासून पारदर्शक झालेली बनियनं. आणि सलवारी, सलवारींवर सलवारी, एकीतही नाडी नाही. देणाऱ्या घरानं नाडी ओढून काढून ठेवलेली. मांडी घालून बसलेली एक मुलगी निकामी चादरीच्या पट्ट्या फाडत होती, त्या दुमडून शिवत होती, सेफ्टी पिन लावून एकेका नेफ्यातून सरकवत होती. पिन कापडाच्या आत चालताना तिचं बोट बाहेरून पिनेसोबत चालायचं. दुसऱ्या टोकाला पिन बाहेर आली की ती दोन्ही टोकं ओढून बघायची. मान वर न करता ती म्हणाली, "नाडीवाचून सलवार दिली तर तिनं घालायची कशी? मग ते देणं कसलं?"

मी गप्प राहिले.

ढिगात सगळ्यात कमी काय असतं हेही तिथेच कळलं. झबली असतात, साड्या असतात, मोठ्या पोटाच्या पँटी असतात. तेरा ते अठरा या वयाचं फार थोडं निघतं. या वयाची मुलं कपडा विटेपर्यंत वापरतात, नाहीतर तो घरातल्या धाकट्याकडे जातो. म्हणून हा गट त्यांच्यासाठी मुद्दाम वेगळं मागतो. जीन्स, हूडी, बूट, मुलींसाठी नवी अंतर्वस्त्रं. आलेलं धुतात, चेन वरखाली करून पाहतात, बटण नसेल तिथे टाकतात, इस्त्री करून घडी घालतात. नवा कपडा पहिल्यांदा घालायला आपण घडी मोडणं म्हणतो. पंधरा वर्षांच्या आयुष्यात ज्यानं एकही घडी मोडलेली नाही, त्याच्यासाठी ही इस्त्री असते.

टाकलेल्या कपड्यांची आणखी एक वाट आहे पानिपतची, दिल्लीहून उत्तरेला नव्वदेक किलोमीटरवर. मराठी माणसाला ते नाव घेताना अजून आवंढा येतो. आज तिथे जगभरातून टाकून दिलेले लोकरीचे कपडे गाठोड्यांनी येतात. बायका त्यांची बटणं आणि चेन कापतात, रंगांप्रमाणे ढीग लावतात, मग यंत्रं ते कपडे फाडतात, पिंजतात, त्या पिंजलेल्या लोकरीचं पुन्हा सूत होतं आणि सुताची ब्लँकेटं. भूकंपात, पुरात, बेघरांच्या रात्रनिवाऱ्यांत वाटली जाणारी कितीतरी ब्लँकेटं त्याच गावची. मी त्या गिरण्यांच्या वाटेवर उभी होते तेव्हा वारा शेतांवरून सुरीसारखा येत होता, आणि मला १७६१ सालची ती लढाई आठवत होती. दख्खनच्या उन्हात वाढलेली माणसं अडीच महिने या गारठ्यात तळ देऊन, पोटात अन्न नाही, चौदा जानेवारीचा दिवस उजाडलेला. १७४२ साली जन्मलेले पेशव्यांचे पुत्र विश्वासराव तेव्हा अवघे अठरा वर्षांचे होते. त्यांच्या मागे त्याच वयाचे, नाव नसलेले किती असतील, ज्यांच्या मनगटांनी बाह्यांतून नुकतंच डोकं काढलं होतं. ज्या मातीनं त्यांना थंडीत पाहिलं, तीच आज जगाच्या चिंध्यांतून ऊब विणते आहे. इतिहासाला पश्चात्ताप होत असेल का? मला तसं मानायला आवडतं.

गाडगेबाबांच्या दशसूत्रीत अन्न आणि पाण्याच्या पाठोपाठ उघड्यानागड्यांना वस्त्र येतं, आणि लगेच त्यानंतर गरीब मुलामुलींचं शिक्षण. चिंध्यांनी अंग झाकून गावोगाव हिंडलेल्या त्या माणसानं हा क्रम उगाच लावला नसेल. गणवेशाची शिवण फाटली की मुलगी वर्गात उठून उत्तर देत नाही. पाळीच्या दिवसांत धड कापड नसलं की ती शाळेतच येत नाही, आणि काही जणी मग कधीच परतत नाहीत. 'गूंज'नं जुन्या सुती चादरींपासून स्वच्छ पॅड शिवायला घेतले ते यासाठीच. ज्या चादरीवर एखादं घर वर्षानुवर्षं निजलं, तिचा एक तुकडा कुण्या अनोळखी मुलीला शाळेच्या बाकावर निर्धास्त बसवतो. कापडाच्या नशिबी याहून मोठं काय असावं!

वाटपाचा दिवस मी पाहिला तो यमुनेच्या खादरातल्या, म्हणजे नदीकाठच्या पूरपट्ट्यातल्या, एका वस्तीत. खरं तर ते वाटप नव्हतंच. मुलांनी दोऱ्या बांधून कपडे हँगरला लावले होते, एक उंच आरसा भिंतीला टेकवला होता, जुन्या साडीचा पडदा लावून बदलायला आडोसा केला होता. या आणि निवडा, एवढंच. पंधरा-सोळा वर्षांची एक मुलगी बराच वेळ दोरीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत नुसतीच फिरत राहिली. हात लावायची, मागे घ्यायची. जाड, भरपूर उबेचा तपकिरी स्वेटर तिच्या हाताशी होता. तिनं तो सोडला आणि मोरपिशी रंगाचा, त्याहून पातळ, काढला. तो घालून आरशासमोर गेली. आधी समोरून पाहिलं, मग कडेनं. मग बाह्या मनगटापर्यंत ओढल्या. बाह्या पुरल्या, वर दोन बोटं उरल्या. "ये वाला," ती म्हणाली, आणि तिच्या आवाजात उपकाराचा लवलेश नव्हता.

मी मनात म्हटलं, अगं, तपकिरी घे, ऊब जास्त आहे त्यात. पण तिला थंडीइतकंच आणखी काहीतरी वाजत होतं, आणि त्यावरचा इलाज तिनंच शोधला होता. पंधराव्या वर्षी आपण नुसतं अंग झाकत नाही. आपण कोण आहोत ते अंगावर घालून पाहत असतो. आजवर तिला जे मिळालं ते कुणीतरी तिच्यासाठी निवडलेलं होतं. त्या दुपारी पहिल्यांदा 'हे नको' म्हणायची मुभा तिच्या वाट्याला आली होती. नाकारता येणं हेही श्रीमंतीचं लक्षण आहे.

साने गुरुजींनी १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात 'श्यामची आई' लिहिली. त्यातला शाळकरी श्याम खाऊचे पैसे साठवून धाकट्या भावासाठी कोट शिवून घेतो. एका वाढत्या अंगानं दुसऱ्या वाढत्या अंगाचं माप लक्षात ठेवलेलं असतं. खादरात मला तेच दिसलं. घेणाऱ्या आणि देणाऱ्या मुलांमध्ये वयाचं अंतर जेमतेम तीन-चार वर्षांचं. बाही आखूड पडल्याचं दुःख त्यांना समजावून सांगावं लागत नाही, कारण ते त्यांच्या स्वतःच्या मनगटावर अजून ताजं आहे. 'गूंज'च्या गावोगावच्या कामात माणसं विहिरी खणतात, पूल बांधतात, तळी उपसतात आणि कपडे मोबदला म्हणून ताठ मानेनं घेतात. इथली मुलंही संध्याकाळी दोऱ्या सोडायला, आरसा उचलायला आपण होऊन आली. मोरपिशी स्वेटरवाली हँगर गोळा करत होती.

संक्रांत जवळ येईल. आपल्या घरी कपाटं आवरली जातील, जुनेर बाजूला पडेल, बोहारणीला काय द्यायचं आणि कुणाला काय द्यायचं याचे ढीग होतील. त्यातला एक ढीग या वयासाठी वेगळा करा. जे स्वतःच्या मुलाला घालू देणार नाही ते त्यात ठेवू नका. धुवा, बटण लावा, चेन तपासा, सलवारीत नाडी घाला, घडी करा. जमलं तर एक कपडा नवा घ्या, आणि तो घेताना माप जरा मोठं घ्या.