मरियमचे खजूर

लेक तीनची, मुलगा दीडचा होता तेव्हाची गोष्ट. नाताळच्या सुट्टीत साताऱ्याहून मिरजेला, माहेरी गेले होते. शेजारच्या ख्रिस्ती मावशींच्या दारातला कागदी तारा पाहून लेक ओरडली, "अम्मी, ईद आयी!" मावशींनी करंज्या दिल्या. धाकट्याने गव्हाणीच्या देखाव्यातलं मातीचं कोकरूच तोंडात घातलं. अब्बांच्या कपाळाला आठी. "पोरांना काय काय दाखवतेस?" मी स्वतः जन्मले ती वानलेस डॉक्टरांच्या 1894 सालच्या मिशन हॉस्पिटलात! पण गप्प बसले.

रात्री मुलांना कुशीत घेऊन बीबी मरियमची गोष्ट सांगितली. कुरआनातली, 19व्या सूरहमधली. खजुराच्या झाडाखाली एकटी, कळा सोसणारी.

"तिला भूक लागली?" लेकीनं विचारलं.

पलीकडे तसबीह पढणारे अब्बा थांबले. "लागली ना. मग झाड हलवलं, ताजे खजूर पडले."