तेरच्या बाहुल्या, थांबलेली फ्रेम

प्रत्येक ऑफिसात असा एक तरी प्राणी असतोच, ज्याला मिकी माऊस नको असतो. त्याला हवी असते जुनी, ओरखडे पडलेली, कुणी नावही न ऐकलेली कार्टून फिल्म. वेड? असेलही! पण १९१५ साली दादासाहेब फाळक्यांनी आगपेटीतल्या काड्या फ्रेम बाय फ्रेम हलवून 'आगकाड्यांची मौज' केली आणि आज ती फिल्म उरलेलीच नाही. वेळेवर असा एखादा वेडा भेटला असता तर?

तो भेटला की काय होतं, ते धाराशिव जिल्ह्यातल्या तेरला दिसतं. तेरणाकाठचं हे साधंसं गाव म्हणजे प्राचीन तगर. पहिल्या शतकातल्या 'पेरिप्लस' या ग्रीक व्यापारी मार्गदर्शिकेत त्याचं नाव आहे. पैठणहून पूर्वेला दहा दिवसांची वाट. इथलं कापड गाड्या भरभरून भडोच बंदरात जायचं.

पुढे शहर मातीआड गेलं. उरली पांढरीची टेकाडं. त्यातून निघणारे मणी, खापरं, तुटक्या बाहुल्या यांची किंमत ती काय? गावातल्याच रामलिंगप्पा लामतुरेंना मात्र ती कळली. त्यांनी या वस्तू गोळा केल्या, जपल्या. आज तेरचं सरकारी वस्तुसंग्रहालय त्यांच्याच नावाचं आहे.

आत गेलात की सातवाहनकाळातल्या बाहुल्यांपाशी जरा रेंगाळा. पांढऱ्या केओलिन मातीच्या, दोन साच्यांत दाबून अर्धे भाग जोडलेल्या. कुणाची केशरचना झकास, कुणाचा चेहरा हसरा. क्ले अ‍ॅनिमेशनवाल्याने मध्येच चहाला उठून जावं आणि फ्रेम थांबावी, तशा! हस्तिदंती बाहुली तर खास. तिची जवळची नातेवाईक १९३८ मध्ये थेट इटलीतल्या पॉम्पेईत सापडली.

बाहेर पडल्यावर विटांचं त्रिविक्रम मंदिर आणि संत गोरा कुंभारांची समाधी चुकवू नका. मातीला जीव लावणाऱ्यांचंच हे गाव.

आणि घरी परतल्यावर माळ्यावरची जुनी व्हिडिओ कॅसेट भंगारात टाकण्याआधी एकदा लावून बघा. दुसरी प्रत कुणाकडे असेलच, याची काय गॅरंटी?

कसं जाल : मुंबई किंवा पुण्याहून रेल्वेने धाराशिव, तिथून रस्त्याने तेर. संग्रहालयाच्या वेळा आधी विचारून घ्या.