सामाईक भिंत

जुन्या नाशकातील वाड्यांच्या तपासणीस जाण्याचा योग मला बांधकाम-अभियंता या नात्याने गेली कैक वर्षे येत आला आहे, आणि दिंडी दरवाजा ओलांडताच माझी दृष्टी प्रथम खांबाच्या पायथ्याशी जाते. कारण सागवानी खांब मध्यावर सहसा दगा देत नाही, तो दगडी तळखड्यावर जेथे टेकतो तेथे, दर पावसाळ्याची ओल पिऊन, आतून पोखरला जातो. हातोडीने ठोकीत खाली यावे, आणि छातीच्या उंचीवर खणखणीत उमटणारा आवाज गुडघ्याखाली बद्द झाला, की टोचा लावून तो किती आत शिरतो ते पाहावे. तिवंध्यानजीकच्या एका वाड्यात तो चार बोटे शिरला; तरीही वरच्या तुळया, हस्त आणि चौकाभोवतीचे कोरीव काम इतके निरोगी होते की, वरचा भार धिरे देऊन पेलून धरून, खांबांचा तळाचा हातभर भाग कापून तेथे नवे सागवान जोडले असते, तर आणखी दोन पिढ्या तेथे सुखाने नांदल्या असत्या. मालक आणि कुळे यांच्या दाव्यात ते काम राहून गेले, आणि अखेर वाडा उतरविला गेला. पुढच्याच पावसाळ्यात शेजारच्या वाड्याची भिंत पोट काढू लागली. कारण ती दोघांची सामाईक होती, तिच्या विटा मातीत रचलेल्या होत्या, आणि जी बाजू आजवर घराच्या आत कोरडी होती ती आता उघड्यावर भिजत होती.

मिळकतपत्रिका एकेका घराची असते, परवानगी एकेका घरास मिळते, पण जुने नाशिक ओळीने उभे आहे. हे ध्यानात न घेताच आपण वारसा, उत्तुंग इमारती आणि वाहतूक या तिहींचा वाद तीन वेगळ्या दफ्तरांत घालतो. दर वर्षी मृगापूर्वी धोकादायक घरांना महापालिकेच्या कलम २६४ खालील नोटिसा जातात. कूळ मात्र घर सोडीत नाही, कारण एकदा बाहेर पडलो की ताबा गेला आणि हक्कही गेला, ही त्याची धास्ती अनाठायी नाही. मालकास अधिक चटईक्षेत्राचे आमिष दाखवावे, तर ज्या गल्लीत दोन माणसे समोरासमोर आली म्हणजे अंग चोरतात, तेथे अग्निशामक बंब कोठून शिरणार? शिवाय सप्टेंबर २००८ च्या महापुरानंतर आखलेल्या निळ्या आणि लाल पूररेषा गावठाणाच्या नदीकाठच्या भागातून जातात. नदीपात्रातील दुतोंड्या मारुतीच्या गळ्याशी पाणी आले की सराफ बाजारात धावपळ उडते, हे नाशिककरास कोणी सांगावे लागत नाही. त्याच बाजारातील सरकारवाडा राज्य संरक्षित स्मारक म्हणून उभा आहे. खाजगी वाड्यांच्या वाट्यास तसा वाली नाही.

उंच इमारतींचा मी वैरी नाही. शहर वाढणार, लोकांना घरे हवीत, आणि ती द्राक्षबागा गिळीत आडवी पसरण्यापेक्षा उभी चढावीत हे श्रेयस्कर. २०२० च्या एकीकृत विकास नियंत्रण नियमावलीने त्यास वाव दिला. परंतु माणसे वाहून नेणारे साधन आधी आणि मजले मागाहून, हा क्रम आपण उलटा केला, आणि त्याचे फळ द्वारका चौकातील वाहनांच्या कोंडीत रोज सायंकाळी दिसते. आपले पूर्वज या बाबतीत शहाणे होते. १८८९ मध्ये मेन रोडवरील जुन्या नगरपालिकेपासून नाशिकरोड स्थानकापर्यंत चार घोड्यांची ट्राम सुरू झाली आणि ती १९३० नंतरच्या काही वर्षांपर्यंत चालली. आज जुलै २०२१ पासून धावणारी सिटीलिंक बस आहे. आणि त्याच वर्षीच्या केंद्रीय अंदाजपत्रकात २,०९२ कोटी रुपयांचा उल्लेख झालेली, विजेच्या तारांवर रबरी चाकांनी धावणारी निओ मेट्रो आहे, ती मात्र कागदावर.

माझे मत स्पष्ट आहे. वाड्याच्या जागी जे चटईक्षेत्र वापरता येत नाही, ते हस्तांतरणीय विकास हक्काच्या, म्हणजे टीडीआरच्या रूपाने मालकास द्यावे. ते नाशिकरोड ते गंगापूर या, निओ मेट्रोसाठी आखलेल्या पट्ट्यातच उतरू द्यावे. त्याच्या विक्रीतील हिस्सा प्रथम वाड्याच्या दुरुस्तीसाठी अनामत ठेवावा, आणि कुळास दुरुस्तीनंतर परत येण्याचा लेखी दाखला मिळाल्यावाचून एक वीटही हलवू नये. तपासणी एकेका घराची न होता संपूर्ण ओळीची व्हावी. सिंहस्थ तोंडावर आला आहे, घाट आणि रस्ते यांवर अमाप द्रव्य खर्च होत आहे. त्यातील अल्पांश या ओळींकडे वळला, तर यात्रेकरू जे नाशिक पाहावयास येतो ते त्याला दिसेल.

आणि ज्यांच्या नावावर असा वाडा आहे त्यांना माझी विनंती आहे: तो उतरविण्याचा अर्ज लिहिण्यापूर्वी शेजाऱ्यास बोलवा, सामाईक भिंत दोन्ही बाजूंनी उभे राहून पाहा, आणि खांबांना तळखड्यापाशी एकदा टोचा लावून घ्या.