नऊ होलचा जमाखर्च

माझे थोरले बंधू, ज्यांना घरात सारेच दादा म्हणतात, १९७१ साली अभियंता म्हणून अमेरिकेस गेले. त्यानंतर तीन वर्षांनी मी पदवी घेऊन सांगलीत अण्णांच्या हळदीच्या आडत पेढीवर बसलो. त्याला आता पन्नास वर्षे झाली. दादांचे आयुष्य यंत्रांच्या आराखड्यांत गेले, माझे रोजमेळ आणि खतावणीत. दोन वर्षांपूर्वी वहिनी गेल्या आणि दादा एकटे पडले. 'आता इकडे या, घर तुमचेच आहे,' असे आम्ही पुष्कळदा सुचविले. त्यांचे उत्तर ठरलेले असे, 'आधी तू ये. माझे गाव पाहा. मग बोलू.' शेवटी गेल्या जानेवारीत सौभाग्यवतींसह मी सहा आठवड्यांसाठी निघालो. दादांना समजावून परत आणायचे, हा एकच हेतू मनात होता.

दादांचे गाव म्हणजे ॲरिझोना राज्यातील सन सिटी. फिनिक्स शहराच्या वायव्येस, पूर्वी जिथे कापसाची शेते होती तिथे, डेल वेब नावाच्या बांधकाम व्यावसायिकाने हे गाव वसविले आणि १ जानेवारी १९६० रोजी लोकांसाठी खुले केले. निवृत्त माणसांसाठी स्वतंत्र गाव, ही कल्पना त्या काळी अनेकांना वेडेपणाची वाटली होती. परंतु पहिल्या तीन दिवसांतच सुमारे एक लाख माणसे ते पाहावयास लोटली. आज तिथे सुमारे चाळीस हजारांची वस्ती आहे. प्रत्येक घरात निदान एक माणूस पंचावन्न वर्षांचा असावा लागतो. एकोणीस वर्षांखालील मुले पाहुणी म्हणून येऊ शकतात, कायमची राहू शकत नाहीत.

हा शेवटचा नियम ऐकून आम्ही दोघे स्तब्ध झालो. आपल्या घरात नातवंडांच्या गलक्यावाचून सकाळ होत नाही. इथे अंगणाअंगणात संत्र्यांची झाडे फळांनी वाकलेली, पण फळे तोडायला एकही पोरगे नाही. पहिल्या रात्री सौभाग्यवती म्हणाल्या, 'गाव सुंदर आहे हो, पण घशात आवंढा येतो.' माझाही निश्चय अधिकच पक्का झाला.

दुसऱ्या दिवशी पहाटे दादांनी मला उठवून त्यांच्या गोल्फच्या छोट्या बॅटरीगाडीत बसविले. या गावात ही गाडी रस्त्यावरूनही चालते. माणसे तीत बसून भाजी आणतात, वाचनालयात जातात. मैदानावर पोहोचलो, तर सात-आठ मंडळी हातमोजे घालून नुसतीच उभी होती. रात्रीच्या थंडीने गवतावर हिमकण साठले होते. अशा वेळी गवतावर पाय पडला तर पाती मोडतात आणि पुढे ती करपतात. म्हणून ऊन येऊन हिम वितळेपर्यंत कोणी आत जात नाही. गवताची पाती मोडू नयेत म्हणून म्हातारी माणसे अर्धा तास थंडीत तिष्ठत उभी राहतात, हे मला विलक्षण वाटले.

गोल्फ हा बड्यांचा, पैशाचा खेळ, अशीच माझी समजूत होती. दादांनी जे दाखविले ते मैदान मात्र धाकट्या जातीचे होते. मोठे मैदान अठरा होलचे, साधारण सहा ते सात हजार यार्ड लांबीचे असते. चांगल्या खेळाडूने प्रत्येक होल किती फटक्यांत पुरा करावा याचा आकडा ठरलेला असतो, त्याला 'पार' म्हणतात. मोठ्या मैदानाचे एकूण पार बहुधा बहात्तर धरलेले असते आणि खेळास चार तास सहज लागतात. धाकट्या मैदानाला 'एक्झिक्युटिव्ह कोर्स' म्हणतात. धंद्यातील अधिकाऱ्यांना कामाच्या धबडग्यातून थोडा वेळ काढून डाव पुरा करता यावा, यावरून ते नाव पडले असे सांगतात. तिथे बहुतेक होल तीनच्या पारचे, अधूनमधून एखादा चारचा. अंतर शंभर-दीडशे यार्डांचे. दादा आणि त्यांचे सोबती त्यातही नऊच होल खेळत, आणि दोन तासांच्या आत घरी परतत.

'तुम्ही तर मोठ्या मैदानावर खेळत होता ना?' मी विचारले.

'चौऱ्याहत्तराव्या वर्षापर्यंत. मग लक्षात आले की दुसऱ्या फटक्यातही चेंडू हिरवळीपर्यंत पोहोचत नाही. मागच्यांचा खोळंबा होतो, आणि मी चिडचिडा होतो. पुष्कळजण तेव्हा खेळच सोडतात. काहीजण हट्टाने मोठ्या मैदानावरच राहतात आणि रोज स्वतःवर रागावून घरी जातात. मी मैदान लहान केले. खेळ तोच आहे.'

मी ऐकले आणि सोडून दिले.

दादांच्या सोबत्यांत एक निवृत्त टपालवाले होते, एक विमानांचे यंत्रज्ञ, आणि शहाऐंशी वर्षांच्या एक माजी शिक्षिका. या बाईंचा फटका ऐंशी यार्डांपलीकडे जात नसे, पण जाई तो दोरीत धरल्यासारखा सरळ. मी पहिल्या दिवशी नऊ होलना एकाहत्तर फटके घेतले. आकडा ऐकून टपालवाल्यांनी माझे वय विचारले आणि टोपी काढून अभिनंदन केले. वयाइतक्या फटक्यांत अठरा होल पुरे करणे हा गोल्फमध्ये मोठा मान समजला जातो. मी वयाइतके फटके घेतले होते खरे, पण निम्म्याच मैदानावर! सारे मनमुराद हसले आणि त्या दिवसापासून मी त्यांच्यातला झालो.

इथवर सारे मौजेचे होते. पुढचे सांगताना मात्र थोडा संकोच वाटतो.

या खेळाला आपल्या मैदानावर पंच नसतो. प्रत्येकाने आपले फटके आपण मोजायचे आणि होल संपला की आकडा सांगायचा. काठी फिरवली आणि चेंडूला लागलीच नाही, तरी तो फटका धरायचा. चेंडू पाण्यात गेला, तर एक फटका दंडाचा. एकदा दादांचा चेंडू झाडाखालच्या पाचोळ्यात गेला. ते वाकून एक वाळके पान उचलू लागले, तोच चेंडू बोटभर सरकला. आम्ही सारे दूर होतो. मी तेवढा जवळ होतो, तेही अपघाताने. दादांनी चेंडू पूर्वीच्या जागी ठेवला आणि होल संपल्यावर एक फटका जास्त सांगितला. बाई म्हणाल्या, 'जाऊ द्या हो, कोण मोजते आहे?' दादा हसून म्हणाले, 'मीच मोजतो आहे.'

त्यानंतर तीन-चार दिवसांनी एका होलवर माझी पुरती त्रेधा उडाली. चेंडू वाळूच्या खड्ड्यात पडला. तो बाहेर काढण्यात तीन फटके गेले, एक तर नुसता वाळू उडवून गेला. हिरवळीवर आल्यावरही छिद्राजवळून चेंडू दोनदा निसटला. मोजून आठ झाले होते. दादांनी कार्डावर पेन्सिल टेकवून विचारले, 'किती?' मी म्हणालो, 'सहा.' त्यांनी सहा लिहिले.

त्या रात्री मला झोप आली नाही. पन्नास वर्षांत मी रोजमेळ न जुळवता दुकान बंद केले नाही. अण्णांची शिकवण होती की एक रुपयाची तूट आली तरी ती सापडेपर्यंत दिवाणजींनी उठायचे नाही, आणि मालकाने तर मुळीच नाही. शेतकऱ्याच्या पट्टीत कधी एक किलोचा फरक मी होऊ दिला नाही. आणि इथे, ज्यात एक पैशाचा नफा नाही, तोटा नाही, अशा खेळात मी दोन फटके गिळले होते. कशासाठी? शहाऐंशी वर्षांच्या बाईंपुढे फार मागे पडू नये, एवढ्यासाठी. खोट्याला लाभाचे कारण लागतेच असे नाही. ओशाळेपणही पुरते, हे मला एकाहत्तराव्या वर्षी कळले.

सकाळी गाडीत बसताच मी म्हणालो, 'दादा, काल तो आकडा आठ होता.'

'ठाऊक आहे. मी पाहत होतो.'

'मग लिहिताना बोलला का नाहीत?'

दादांनी थोडा वेळ रस्त्याकडेच पाहिले. 'अरे, मी टोकले असते तर तू आठ म्हणाला असतास, पण तो हिशेब माझा झाला असता. ज्याचे कार्ड, त्यानेच दुरुस्त करायचे.' त्यांनी खिशातून कालचे कार्ड काढून माझ्या हाती दिले, पेन्सिलीसह.

मी सहा खोडून आठ लिहिले. त्या क्षणी माझ्या डोळ्यांपुढे माझा मुलगा आला.

वाचकांना यामागची हकिकत सांगितली पाहिजे. त्याच्या आदल्या वर्षी चिरंजीवांनी एका नव्या खरेदीदाराला उधारीवर मोठा माल दिला होता. रक्कम अडकली. आडत्याला शेतकऱ्याची पट्टी वेळेवर चुकती करावीच लागते, ती त्याने केली, पण वसुलीचे मला दोन महिने सांगितले नाही. मी स्वतः खाते चाळताना ते उघडकीस आले. मी दिवाणजी आणि हमालांसमोर त्याला नको ते बोललो. तेव्हापासून कारभार त्याच्या नावे असूनही गल्ल्यावर पुन्हा मीच बसू लागलो. अमेरिकेतूनही माझा क्रम चुकत नव्हता. तिथे रात्रीचे नऊ वाजले की सांगलीत सकाळचे साडेनऊ होतात. शटर उघडण्याची वेळ. नेमका त्या वेळी मी फोन करी. आदल्या दिवशी सौदे किती, भाव काय निघाले, कोणाची किती बाकी, असे एकेक विचारी. तो एकेक आकडा सांगे, आणि त्याचा आवाज दिवसेंदिवस सपाट होत चालला होता. मी दररोज त्याचे कार्ड माझ्या हाताने लिहीत होतो.

त्या रात्री मी फोन केला नाही. सौभाग्यवतींनी दोनदा घड्याळाकडे आणि एकदा माझ्याकडे पाहिले. दुसऱ्या रात्रीही केला नाही. नव्या हळदीचे सौदे तोंडावर आलेले, आणि मी इथे हात बांधून बसलेलो! ते दोन दिवस मला वाळूच्या खड्ड्यापेक्षा कठीण गेले. तिसऱ्या रात्री नातीला पाहण्यासाठी फोन लावला, पण दुकानाविषयी अवाक्षर काढले नाही.

आठवडाभराने त्याचाच फोन आला. 'आप्पा, एक सांगायचे होते. एका पार्टीकडून धनादेश परत आला आहे. रक्कम फार मोठी नाही, पण तुम्हांला कळावे म्हणून.' माझ्या जिभेवर दहा प्रश्न आले. मी एकच विचारला, 'तू काय करायचे ठरविले आहेस?' पलीकडे क्षणभर शांतता होती. मग तो बोलू लागला, आणि पंधरा मिनिटे बोलत राहिला. त्याने योजलेले उपाय मला सगळेच पटले असे नाही. त्यातील एक तर चुकीचाच ठरला, हे पुढे दिसून आले. पण त्याने तेही आपणहून सांगितले.

आमच्या मुक्कामाच्या शेवटच्या सकाळी मी नऊ होल त्रेपन्न फटक्यांत पुरे केले. त्यातील प्रत्येक खरा होता. परतताना एका लाव्याच्या जातीच्या पक्ष्याचे कुटुंब, डोक्यावर तुरा मिरवीत, रांगेने वाट ओलांडत होते. दादांनी गाडी थांबविली. तिथे बसल्या बसल्या मी विचारणार होतो, 'मग, येता ना सांगलीला?' पण विचारले नाही. या माणसाने आपले मैदान स्वतः लहान केले होते, आपल्या हाताने आकडे लिहिले होते, आणि वहिनींच्या माघारी रोज पहाटे उठून ते खेळत होते. त्यांच्या त्या गावात संध्याकाळ फार लवकर होते आणि घरात शांतता फार असते, हेही मी पाहिले होते. दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या. त्यांचा मेळ घालणे माझ्या हातचे नव्हते. मी एवढेच म्हणालो, 'पुढच्या जानेवारीत पुन्हा येतो.' ते म्हणाले, 'आणि दिवाळीला मी येतो. दोन महिने ठेव मला.' इतकी वर्षे आग्रह करून जे जमले नव्हते, ते न विचारता मिळाले.

आता सांगलीत मी दुकानी जातो तो अकरा ते एक. गल्ल्याची गादी चिरंजीवांची. मी शेजारी, जुन्या शेतकऱ्यांशी बोलत बसतो. कोणी सल्ला विचारला तर देतो. रोजमेळ संध्याकाळी तो जुळवतो, आणि मी त्या वेळी नातीबरोबर कृष्णेच्या घाटावर असतो. बाजारातील एकाने परवा विचारले, 'काय शेठ, व्यवसाय सोडला वाटते?'

मी म्हटले, 'छे! मैदान तेवढे लहान केले.'

त्यांना ते कळले नाही. पण माझ्या खिशात त्या दिवशीचे कार्ड अजून आहे. सहा खोडून आठ लिहिलेले.