तेरावा स्फोट

राजकारण्याच्या एका खोट्या वाक्यासाठी विश्वकोशात स्वतंत्र नोंद असावी का? हा प्रश्न मला पांढुर्ण्याच्या एका पोराने विचारला. त्याला दिलेलं उत्तर तेव्हा अर्धवटच राहिलं होतं, म्हणून इथे जरा सविस्तर लिहितो.

पांढुर्णा आणि सौंसर ही दोन्ही गावं मध्य प्रदेशातली. पूर्वी छिंदवाडा जिल्ह्यात होती, ऑक्टोबर २०२३ पासून या दोन तालुक्यांचा मिळून पांढुर्णा हा वेगळा जिल्हा झाला. संत्र्याच्या बागा, कापूस, आणि हाकेच्या अंतरावर नागपूर. शाळा हिंदी, दुकानांच्या पाट्या हिंदी, कचेरीतले अर्जही हिंदीत. पण घरात शिरलात की मराठी, तीही चांगली वऱ्हाडी ठसक्याची. भांडण मराठीत, लाडही मराठीत. महाराष्ट्राबाहेर राहून मराठी वाचणाऱ्या आम्हां गोंयकारांना हे चित्र परकं वाटू नये. माझ्या एका मावसबहिणीला सौंसरला दिली आहे, त्यामुळे त्या बाजूला अधूनमधून जाणं होतं. तिचा धाकटा पांढुर्ण्याला नोकरी करतो आणि रात्री जेवणं झाली की मराठी विकिपीडियावर बसतो. त्याला दुसरं व्यसन नाही. (असतं तर आईने एवढी कुरकुर केली नसती, असं भावजी म्हणतात!)

पोळ्याच्या सुमारास गेलो होतो. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पांढुर्ण्यात गोटमार असते, हे आता टीव्हीमुळे सगळ्यांना ठाऊक आहे. जाम नदीच्या पात्रात पळसाचं झाड रोवतात, त्यावर झेंडा, आणि अल्याडपल्याडच्या काठांवरून पांढुर्णा आणि सावरगाव एकमेकांवर दगड फेकतात. दरवर्षी शेकड्यांनी माणसं जखमी होतात. प्रशासनाने रबरी चेंडू पुरवून पाहिले, लोकांनी ते बाजूला ठेवून दगडच उचलले. या मेळ्यामागची म्हणून जी गोष्ट सांगतात, ती पांढुर्ण्याच्या मुलाने सावरगावची मुलगी पळवून नेल्याची आणि नदीत दोघांना दोन्हीकडून दगड बसल्याची. भाच्याचं पहिलं भांडण याच गोष्टीवरून झालं होतं. त्याचं म्हणणं, "असं सांगितलं जातं" हे तीन शब्द आधी टाका आणि मग हवी ती गोष्ट लिहा. बाकीचे म्हणाले, सगळ्या वर्तमानपत्रांत आहे ना, मग ती घडलेलीच. तीन शब्दांसाठी पोरगा तीन आठवडे भांडला. मला तेव्हाच तो आवडला.

दुसरं भांडण मात्र मोठं, आणि त्यात त्याने मलाही ओढलं. "मामा, त्या तेराव्या स्फोटावर वेगळा लेख काऊन नसावा?"

ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. १२ मार्च १९९३, शुक्रवार. दुपारी दीडपासून पावणेचारच्या आत मुंबईत बारा ठिकाणी स्फोट झाले. शेअर बाजार, काथा बाजार, एअर इंडियाची इमारत, सेना भवनाजवळचा पेट्रोल पंप, प्लाझा, सेंच्युरी बाजार, झवेरी बाजार, सी रॉक, दोन सेंटॉर हॉटेलं, माहीमची कोळी वस्ती आणि सहार विमानतळ. २५७ माणसं गेली. शरद पवारांना दिल्लीचं संरक्षण खातं सोडून मुख्यमंत्री म्हणून परत येऊन सहा दिवस झाले होते. त्याआधीच्या डिसेंबर-जानेवारीत शहर दंगलीत होरपळून निघालं होतं, श्रीकृष्ण आयोगाच्या हिशेबाने ९०० बळी. अशा शहराला पवारांनी दूरदर्शनवरून सांगितलं की स्फोट तेरा झाले, आणि त्यातला एक मस्जिद बंदरला, म्हणजे मुसलमान वस्तीत.

तो तेरावा झालाच नव्हता. पवारांनी तो रचला होता. हे कुणा विरोधकाने उघडकीला आणलं असं नाही, त्यांनी स्वतःच पुढे श्रीकृष्ण आयोगासमोर सांगितलं आणि २००६ साली शेखर गुप्तांच्या 'वॉक द टॉक'मध्ये सगळ्या देशाला सांगितलं. कारणही दिलं. स्फोट झाले ते बहुतेक हिंदू वस्तीचे भाग होते. एकाच समाजाला लक्ष्य केलं हे त्या रात्री लोकांच्या डोक्यात बसलं असतं तर जानेवारीची पुनरावृत्ती झाली असती, आणि कट करणाऱ्यांना तेच हवं होतं. म्हणून दोन्हीकडची माणसं मेली असं भासवलं. संशयाची सुई श्रीलंकेतल्या लिट्टेकडे वळवली तीही जाणूनबुजून.

आता हे वाक्य कुठे ठेवायचं? स्फोटांच्या लेखात दोन ओळी? पवारांच्या चरित्रात एक परिच्छेद? की त्याला स्वतःचं घर बांधून द्यायचं?

छापील कोशाच्या काळात हा प्रश्न कुणाला पडलाच नसता. केतकरांनी ज्ञानकोश काढला तेव्हा किंवा तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री वाईला मराठी विश्वकोश रचत होते तेव्हा पानं मोजून वापरावी लागत. आमच्याकडे गोवा विद्यापीठाने कोंकणी विश्वकोश चार खंडांत बसवला, त्यातही काय घ्यावं नि काय गाळावं यावर डोकेफोड झालीच असेल. कुणी मंत्री काय बोलला याला तिथे जागा कुठली? कागदाची अट गेली आणि मग सगळ्यालाच जागा झाली. इंग्रजी विकिपीडियावर चेंबरलेनच्या १९३८च्या 'आमच्या काळापुरती शांतता' या वाक्यावर लेख आहे, ट्रम्पच्या सल्लागार बाईंनी जानेवारी २०१७ मध्ये काढलेल्या 'पर्यायी तथ्यं' या शब्दांवर आहे. २०११ साली जॉन काइल नावाच्या सिनेटरने एका आरोग्यसंस्थेचं नव्वद टक्क्यांहून जास्त काम गर्भपाताचंच आहे असं सभागृहात ठोकून दिलं. खरा आकडा तीन टक्क्यांच्या आसपास. विचारल्यावर त्यांच्या कार्यालयाने खुलासा केला की ते विधान वस्तुस्थिती म्हणून केलेलं नव्हतं! या खुलाशावर अमेरिका महिनाभर हसली. पण हसण्यासारखं असणं आणि कोशात स्वतंत्र नोंदीला लायक असणं या दोन वेगळ्या गोष्टी, असं मी भाच्याला म्हटलं.

मग आम्ही आपल्याकडची वाक्यं एकेक काढून तपासली. जानेवारी २०१८ मध्ये औरंगाबादेत केंद्रीय राज्यमंत्री सत्यपाल सिंह म्हणाले की डार्विनचा सिद्धान्त शास्त्रीयदृष्ट्या चुकीचा आहे, माकडाचा माणूस होताना कुणी पाहिला नाही. हे मुंबईचे माजी पोलीस आयुक्त! कुणी पाहिलं नाही म्हणून घडलं नाही, हा न्याय तपासाला लावला असता तर मुंबईतले निम्मे गुन्हे निकालात निघाले असते. देशातल्या तिन्ही विज्ञान अकादम्यांनी पत्रक काढून निषेध केला. तरी स्वतंत्र लेख? माझ्या मते नको. ते वाक्य चूक होतं एवढंच. त्याने जगात काही हललं नाही, डार्विनचं तर काहीच बिघडलं नाही. मंत्र्याच्या चरित्रात चार ओळी पुष्कळ झाल्या.

सौंसरचंच घ्या. फेब्रुवारी २०२० मध्ये तिथे परवानगीवाचून बसवलेला शिवरायांचा पुतळा प्रशासनाने यंत्र लावून हटवला. लोक रस्त्यावर उतरले, आणि भोपाळपासून मुंबईपर्यंतचे पुढारी बोलायला लागले. त्या आठवड्यात सौंसरबद्दल जेवढी वाक्यं बोलली गेली तेवढी त्याआधीच्या पन्नास वर्षांत बोलली गेली नसतील. आज त्यातलं एकही गावात कुणाला आठवत नाही. पुतळ्याचं मात्र सगळं आठवतं, कोण कुठे उभा होता इथपर्यंत.

उलट आमच्या गोव्याचं उदाहरण पाहा. डिसेंबर १९६३ च्या निवडणुकीत गोव्यात काँग्रेसची दाणादाण उडाली, मगोचं सरकार आलं, आणि पंडित नेहरूंनी "अजीब हैं ये गोवा के लोग" असे उद्गार काढले असं सांगतात. ('असं सांगतात' मुद्दाम लिहिलंय, भाचा वाचणार आहे.) हे वाक्य खोटं नव्हे, फसवंही नव्हे. पण त्याला बोलणाऱ्यापासून सुटून स्वतंत्र आयुष्य मिळालं. आपण ते साठ वर्षं वापरतो आहोत, रागाने, कौतुकाने, कधी नुसतं रस्त्यावरचा खड्डा पाहूनही. त्यावर कुणी लेख लिहिला तर मी हरकत घेणार नाही.

तेरावा स्फोट या सगळ्यांहून निराळा अशासाठी, की ते वाक्य बोलणं हीच एक कृती होती. ते बोलणाऱ्याने ते खोटं आहे हे जाणून, ठरवून, एका रात्रीसाठी वापरलं. पुढे शपथेवर कबूल केलं. पुढे अभिमानाने सांगितलं. आयोगाने आपल्या या वागण्याची चांगल्या शब्दांत दखल घेतली असं पवार सांगत आले आहेत. आणि गेल्या काही वर्षांत निवडणुका आल्या की तीच गोष्ट त्यांचे विरोधक आरोप म्हणून सांगतात. एकच वाक्य एका तोंडून मुत्सद्देगिरी आणि दुसऱ्या तोंडून लांगूलचालन! तीस वर्षं ज्यावर एवढं बोललं गेलं त्याला स्वतंत्र लेख हवाच, हे माझं मत मी भाच्याला तिथल्या तिथे दिलं.

भावजींना ते पटलं नाही. "उद्या या लेखाचा दगड होईल," ते म्हणाले. पांढुर्ण्याच्या माणसाने दगडाची उपमा द्यावी हे रास्तच आहे. त्यांचं म्हणणं, वेगळा लेख झाला की शीर्षकातच निकाल लागतो. 'पवारांचा खोटेपणा' म्हटलं तर एक बाजू खूश, 'पवारांची समयसूचकता' म्हटलं तर दुसरी. दोन ओळीच बऱ्या, दोन ओळी कुणी फेकून मारत नाही.

पण मला अडचण दिसते ती त्या दोन ओळींतच. ठिकठिकाणी हे असंच लिहिलेलं सापडतं: पवारांनी तेरावा स्फोट सांगितला आणि दंगल टळली. मधला तो 'आणि' कुठून आला? मार्चमध्ये जानेवारीसारखी दंगल झाली नाही हे खरं. ती या वाक्यामुळे झाली नाही, हे सांगणारा मुख्य साक्षीदार वाक्य बोलणाराच आहे. शहर थकलं होतं, बंदोबस्त होता, शेअर बाजार लगेच सुरू करायची धडपड चालली होती, लोक रक्त द्यायला रांगा लावत होते. न झालेल्या दंगलीचं कारण सिद्ध कसं करणार? हा गुंता सोडवायला दोन ओळी पुरत नाहीत. लेख लागतो तो यासाठी.

आणखी एक गोष्ट, जी मला कुणी विचारलेली आठवत नाही. मस्जिद बंदरला राहणाऱ्या माणसाच्या रत्नागिरीतल्या किंवा हैदराबादेतल्या घरच्यांनी त्या दिवशी ते ऐकलं असेल, त्यांची रात्र कशी गेली असेल? तेव्हा मोबाईल नव्हता. तेरावा स्फोट कुणाला वाचवण्यासाठी रचला असेल, पण तो ज्यांच्या दारात ठेवला ती माणसं खरी होती.

हे मला सुचतं कारण आमच्या घरी ती रात्र काढलेली आहे. गोव्यातल्या कुठल्या घराचं एखादं माणूस मुंबईत नव्हतं? आमचा धाकटा काका फोर्टात नोकरीला होता, शेअर बाजारापासून तीन-चार गल्ल्यांवर. ट्रंक कॉल लागेना. आजी तुळशीपाशी बसून राहिली. दुसऱ्या दिवशी सकाळी नाक्यावरच्या दुकानात त्याचा फोन आला तेव्हा ती उठली. काका पुढे वीसेक वर्षं जगला, आणि शेवटपर्यंत तो "तेरा स्फोट" म्हणायचा. पवारांनी कबूल केल्याचं मी त्याला दाखवलंही होतं. तो म्हणाला, "अरे बाबा, मी होतो तिथे, मला सांगतोस?" तिथे असणाऱ्याला एकच धमाका ऐकू आला होता. बाकीचे बाराही त्याने दूरदर्शनवरच मोजले होते.

हे भाच्याला सांगितलं तर तो उत्साहाने म्हणाला, हे लेखात टाकू. म्हटलं, नाही रे बाबा. काकाचा संदर्भ कुठला देणार?

गेल्या महिन्यात त्याने मसुदा पाठवला. शीर्षक 'तेरावा स्फोट (१९९३)', निकाल कुठेच नाही. लिट्टेचा भाग वेगळा काढलाय, कारण त्याकडे सहसा कुणी पाहत नाही आणि खरं तर तो अधिक अवघड. वस्तीचं नाव चुकवणं वेगळं, दुसऱ्या कुणावर संशय ढकलणं वेगळं. "दंगल टळली"च्या आधी "पवारांच्या म्हणण्यानुसार" आहे. मी एवढंच सुचवलं की 'खोटं' हा शब्द बदलून 'चुकीची माहिती' असं सोवळं करू नकोस, स्वतः पवार तसं करत नाहीत.

फक्त एका जागी गाडी अडली आहे. खऱ्या बारांपैकी काथा बाजारचा स्फोट झाला तो नरसी नाथा स्ट्रीटवर, आणि तो भाग मुंबईकर मस्जिद बंदरच म्हणून ओळखतात. म्हणजे मस्जिद बंदरला स्फोट झाला नव्हता असं सरळ लिहिता येत नाही. झाला होता, पण धान्याच्या पेठेत, पवारांनी सांगितला तो नव्हे. हे एका वाक्यात कसं मांडायचं म्हणून त्याने रात्री साडेअकराला मला फोन केला होता. आम्ही सात वाक्यं करून पाहिली. सातवं त्यातल्या त्यात बरं आहे, पण त्यालाही अजून 'संदर्भ हवा'ची पट्टी लागलेलीच आहे.