दर्याची मागची वाट

मे सरत आला की मुरबाडच्या बाजारात आगोटीची झुंबड उडते. मीठ, मिरची, कांदे आणि गोणपाटावर ओतलेल्या सुक्या बोंबलांच्या, सुकटीच्या राशी. पावसाच्या चार महिन्यांसाठी समुद्र असा पिशवीत भरून आमच्या घरी यायचा. आजी सुकट मापाने घ्यायची आणि वर मूठभर फुकट काढल्याशिवाय हलायची नाही. तिच्या लेखी कल्याण म्हणजे एसटी बदलायचं ठिकाण. ते कधीकाळी बंदर होतं हे तिला सांगितलं असतं, तर ती हसली असती.

पण होतं. पहिल्या शतकातल्या 'पेरिप्लस' या ग्रीक प्रवासग्रंथात ते 'कल्लिएना' या नावाने येतं, आणि येतं तेही एका भांडणापायी. आधी रीतसर चालणारी ही पेठ. पुढे सत्ता बदलली, तेव्हा इथे चुकून लागलेली ग्रीक गलबतं पहाऱ्यात भडोचला नेली जात. बंदराबंदरांची ही असूया मला फार ओळखीची वाटते.

उल्हासच्या खाडीवर दुर्गाडी अजून उभा आहे. १६५७ साली कल्याण-भिवंडी शिवाजी महाराजांच्या ताब्यात आली आणि मराठी आरमाराची सुरुवात इथलीच. आता किल्ल्याखाली पूल, पुलावर गाड्यांची रांग. तिथे उभं राहून बंदर काही केल्या डोळ्यांपुढे येत नाही. ते मला सापडलं ते उलट्या बाजूला, डोंगरात.

माळशेजच्या रस्त्याला वैशाखरे सोडलं की नाणेघाटाची वाट सुटते. परवा पहाटेच निघालो. करवंदं खात, दम खात. शेवटच्या टप्प्यात दगडी पायऱ्या लागतात. काहींच्या मधोमध खोलगट झिजलेलं. पाऊल आपोआप त्याच खळग्यात पडतं. कल्याणला, सोपाऱ्याला उतरलेला माल इथूनच जुन्नरला चढायचा आणि घाटावरचा माल खाली यायचा.

वरच्या लेण्यात सातवाहन राणी नागनिकेचा ब्राह्मी लेख आहे, सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचा. यज्ञांत दान दिलेल्या गायी, घोडे, हत्ती, कार्षापण, सगळं आकड्यांत. दान असलं तरी वाचताना वाटतं ते पेढीवरच्या वहीसारखं. मागच्या भिंतीवर राजघराण्याच्या मूर्ती होत्या. आता वर नावं आहेत, खाली पावलांच्या खुणा, मधली माणसं गेलेली. मी त्या पावलांपाशीच बराच वेळ बसलो. बाहेर घाटमाथ्यावर दगडी रांजण आहे, जकातीचा म्हणतात. आत डोकावलं तर वेफर्सचं पाकीट आणि वाळकी पानं.

कड्यावरून कोकण दिसतं, समुद्र नाही. धुरकटात काळू नदीची रेघ तेवढी दिसते. ती उल्हासला मिळते आणि मग खाडी. म्हणजे बंदराची वाट पाण्याला अजून पाठ आहे.

उतरून टोकावड्याला आलो. रस्त्याकडेला एक मावशी सुकटीची पाटी घेऊन बसली होती.

"कल्याणचा माल का, मावशी?"

"कल्याणला कुठं आलाय दर्या?" ती म्हणाली. "उत्तनचा हाय. घे, कडक वाळलाय."

पाव किलो घेतलं. वर मूठभर मागायला विसरलो नाही.