सड्यावरची बैठक

दिवेआगर, ८ डिसेंबर

मुरूड सोडल्यापासून माझ्यासोबत सायकलने निघालेली मनवा वरचेवर उभी राहून पॅडल मारत होती. चढ नसतानाही. आगरदांड्याला जंगलजेटीची, म्हणजे गाड्या नेणाऱ्या बोटीची, वाट बघताना सगळे कट्ट्यावर टेकले, ही कठड्याला धरून उभीच. विचारलं तर म्हणाली, "पाठ भरून आलीय, मावशी." रात्री दार लावून घेतल्यावर खरं काय ते बोलली. जांघेत घासून लाल झालंय आणि पुढच्या नाजूक भागाला दुपारपासून काही कळतच नाहीये.

बायकांची सायकल सुटते ती इथे. गुडघा दुखला की सगळा गट थांबून उपाय सांगतो. हे दुखणं मात्र पाठीच्या नाहीतर कमरेच्या नावावर खपवायचं, दुकानात विचारायची लाज, आणि मग सायकल कायमची गॅलरीत. मला याचा फार राग येतो.

मनवाच्या सीटवर जाडजूड जेलचं कव्हर आहे. आपण बसतो ते दोन हाडांवर. कठीण खुर्चीवर बसून खाली हात सरकवले की ती बोटांना लागतात. भार हाडांवर पडला तर सुरुवातीला ठणकतं, पण शरीर ते पेलायला शिकतं. फार मऊ गादीत हाडं रुततात आणि मधला भाग वर येऊन नेमका नाजूक जागी दाबतो. तिथून नस आणि रक्तवाहिन्या जातात, म्हणून बधिरपणा. दुखणं काही काळ सोसता येतं, बधिरपणा सोसायचा नसतो, लगेच उठायचं असतं. कव्हर काढून पिशवीत टाकलं. पॅडच्या शॉर्ट्सच्या आत दुसरा कपडा घालायचा नाही, हेही सांगितलं. तिला हे आजवर कोणी सांगितलं नव्हतं. शिवण घासते ती त्या आतल्या कपड्याचीच.

केळशी, ९ डिसेंबर

सकाळी श्रीवर्धनला वाण्याकडून एक रिकामं खोकं मागून घेतलं. त्याचा नालीदार पुठ्ठा दगडी पायरीवर ठेवून मनवाला गुडघे उंच घेऊन, थोडं पुढे वाकून बसवलं. पुठ्ठ्यावर दोन खळगे उमटले. मध्यापासून मध्यापर्यंत साडेतेरा सेंटिमीटर. माझे साडेअकरा. वयाने, वजनाने आणि घेराने मी तिच्यापेक्षा जास्त, तरी माझी हाडं जवळ. नुसतं बघून अंदाज बांधता येत नाही तो यामुळे. बायकांची हाडं सरासरीने रुंद असतात हे खरं, पण सरासरी सायकलवर बसत नाही.

सीट या अंतरापेक्षा दोनेक सेंटिमीटर तरी रुंद हवी, म्हणजे हाडं कडेवर येत नाहीत. जेवढं ताठ बसायचं तेवढी आणखी रुंद. तिची सीट १४ची, म्हणजे दोन्ही हाडं जवळजवळ कडेवरच. माझी साडेपंधराची, कातडी, कारण माझं हॅन्डल उंच आहे. तिथेच ॲलन की काढून सीटा बदलल्या. १४ची मला पुरते.

तिच्या सीटचं नाक वर होतं, ते मोबाइलवरच्या पाणसळीने सपाट केलं. खाली झुकवलं तर दुखणं तत्काळ कमी वाटतं, पण माणूस पुढे घसरत राहतो आणि सगळा भार तळहातांवर येतो. मग हातांना मुंग्या.

वेसवीला जंगलजेटीतून उतरून केळशीपर्यंत ती बसून आली.

गुहागर, ११ डिसेंबर

आंजर्ल्यानंतरचे चढ, दाभोळची जेटी, मग धोपाव्याहून गुहागर. आज विश्रांती. मनवाचा लाल चट्टा फिकटलाय. साध्या पाण्याने धुणं, पूर्ण कोरडं करणं, रोज धुतलेली शॉर्ट्स आणि घर्षण कमी करणारं क्रीम, एवढंच केलं. पुळी आली असती तर मी तिला इथेच थांबवलं असतं. ओल्या शॉर्ट्समध्ये घासलेल्या त्वचेत जंतू शिरले की त्याचं गळू व्हायला वेळ लागत नाही.

माडांखाली खाटेवर पडून तिला जुन्या सीटांबद्दल सांगत होते. बर्मिंगहॅमच्या जॉन बोल्टबी ब्रुक्सचा धंदा घोड्यांच्या खोगिरांचा आणि कातडी सामानाचा. सायकलच्या सीटचं त्याचं पहिलं पेटंट १८८२चं. त्याच्या कारखान्याची ताणलेल्या कातड्याची सीट आजही लांब पल्ल्याचे लोक वापरतात. कातडं हळूहळू बसणाऱ्याच्या हाडांजवळ दबतं आणि मग ती त्याचीच होते. पावसात भिजलेल्या कातड्यावर बसलं तर मात्र ते सैल पडून बिघडू शकतं. १८९०च्या दशकात अमेरिकेत ख्रिस्टी नावाची सीट निघाली होती, दोन वेगळ्या गाद्या आणि मध्ये रिकामी जागा. बायकांनी सायकलवर बसावं की नाही यावर डॉक्टर तेव्हा छापील वाद घालत होते आणि त्यात सीटचा उल्लेख उघडपणे व्हायचा. मधल्या खाचेच्या ज्या सीटा आज दुकानात नव्या म्हणून मिळतात, त्यांच्या मागे ख्रिस्टीचीच ती मधल्या रिकाम्या जागेची कल्पना आहे. आणि आता तर पुण्याच्या वेदांगी कुलकर्णीने २०१८मध्ये जगाला सायकलने प्रदक्षिणा घातली, सुमारे २९,००० किलोमीटर. एवढी मजल मारणाऱ्या मुली आपल्यात आहेत, आणि आपण अजून पाठ दुखते म्हणतोय.

पूर्णगड, १३ डिसेंबर

तवसाळ-जयगड जेटी, गणपतीपुळे, आरेवारे, रत्नागिरी. रस्ता चांगला. उद्या सडा, म्हणजे जांभ्याचं उघडं पठार.

कशेळी, १४ डिसेंबर

आज डांबर सोडलं. चिरेखाणीकडे जाणारी ट्रकांची वाट, मग बैलगाडीची, मग नुसता कातळ. जांभ्यावर सायकल सतत थरथरते. पावसाळ्यात फुललेला सडा आता वाळक्या गवताने पिवळा पडलाय, आणि त्या गवतात खड्डे दिसत नाहीत.

निघताना दोघींच्या मागच्या चाकातली हवा पन्नासवरून पस्तीस पीएसआयवर आणली. टायर ४२ मिलिमीटरचे, सामान हलकं, त्यामुळे चालतं. हवा उतरवण्याने जो आराम मिळतो तो कुठल्याही गादीने मिळत नाही, कारण हादरा टायरच गिळतो आणि सीटपर्यंत कमी येतो.

उरलेलं काम पायांचं. दोन्ही पॅडल एका पातळीत, गुडघे सैल, सीटवरून बोटभर वर. सीट मांड्यांना नुसती लागून राहते आणि मांडीच्या हलक्या रेट्याने सायकल खड्ड्यातून कुठे न्यायची ते ठरतं. मनवाला हे अर्ध्या तासात जमलं. नंतर तिला थांब म्हणायची पाळी माझ्यावर. कच्च्या वाटेला बायका घाबरतात असं म्हणतात. मला उलट अनुभव येतो, डांबरावर बसून बसून पिचलेलं शरीर इथे मोकळं होतं.

इथल्या सड्यावर कातळात एक हत्ती कोरलेला आहे, त्याच्या बऱ्याच अलीकडे उतरून सायकली हातात धरल्या. कोकणातली ही कातळशिल्पं २०२२पासून युनेस्कोच्या संभाव्य यादीत आहेत, त्यात कशेळीही. जांभा ठिसूळ असतो, चाकं वर नेऊ नयेत. हत्तीच्या पोटात मासे आणि आणखी कितीतरी प्राणी कोरलेत. मनवा बाजूला मांडी घालून बसून बघत होती. बसून, हे मी मुद्दाम लिहिते.

मुक्काम एका वाडीत. यजमान वहिनींची मुलगी आठवीत, शाळा दूर, सायकल लेडीज, सीट पार खाली आणि नाक आभाळाकडे. "गुडघे दुखतात म्हणते," वहिनी म्हणाल्या, आणि मग आवाज उतरवून, "आणि बसायलाही त्रास होतो, पण ती सांगत नाही." सीट खाली असली की गुडघा फार दुमडतो आणि वाटीवर ताण येतो. मुलीला भिंतीला धरून सीटवर बसवलं, टाच पॅडलवर, पॅडल सगळ्यात खाली. पाय जेमतेम सरळ होईपर्यंत सीट वर घ्यायची. सीट वर गेली की थांबल्यावर पाय टेकायला खाली उतरावं लागेल, तेही तिला दाखवलं.

नट गंजलेला होता. मी पाना लावला तर वहिनींनी तो माझ्या हातातून घेतला. खोबरेलाचे दोन थेंब सोडले, जोर करून नट फिरवला, आणि नाक सपाट झालं का ते हात फिरवून बघितलं. दर सहा महिन्यांनी उंची पुन्हा बघा, मुलगी वाढतेय, म्हटलं. त्यांनी तो पाना कुठे मिळेल ते विचारलं. राजापूरला कुठल्याही हार्डवेअरच्या दुकानात.